लांब आवृत्त्यांची वही : मे महिन्याची नोंद

मे महिन्यात नागपुरात दुपारी बारा ते पाच घराबाहेर पडायची सोय नसते. त्यामुळे चित्रपटांच्या लांब आवृत्त्या ताडून पाहायच्या माझ्या वहीचं काम या महिन्यात भराभर पुढे गेलं. पद्धत तीच : थिएटरात आलेली आवृत्ती लॅपटॉपवर, डायरेक्टर्स कट (दिग्दर्शकाने नंतर स्वतःच्या मनासारखी केलेली आवृत्ती) टीव्हीवर, आणि नव्याने दिसलेल्या प्रत्येक दृश्याची वेळ लाल पेनाने. कूलरच्या घरघरीत संवाद निसटतात, म्हणून सबटायटल चालूच. या वेळी एक रकाना वाढवला. नवीन दृश्य कशाचं तरी कारण सांगतं, की नुसता देखावा वाढवतं? या एका रकान्याने माझी जुनी मतं बरीच हलवली.

सर्वात जास्त पानं गेली ती ‘किंगडम ऑफ हेवन’वर (२००५). थिएटरात १४४ मिनिटं, डायरेक्टर्स कट १९४. थिएटरच्या आवृत्तीत जेरुसलेमचा राजा बाल्डविन वारल्यावर त्याची बहीण सिबिला थेट नवऱ्याला, गीला, राजा करते आणि पुढे पार कोसळून जाते. का कोसळते, ते कळतच नाही. लांब आवृत्तीत तिला एक मुलगा आहे. माझा आतेभाऊ सोबत बसला होता, तो एकदम उठून बसला : “अबे, हा पोट्टा मागच्या वेळी कुठं होता?” तो पोट्टाच तर कापला होता! मामानंतर तो गादीवर येतो. शिक्क्याची वितळलेली लाख हातावर पडते आणि त्याला काहीच जाणवत नाही. आईला कळून चुकतं की भावाचा कुष्ठरोग मुलाकडेही आला. ती स्वतःच त्याच्या कानात विष ओतते. हे पाहिल्यावर सिबिलाची पुढची प्रत्येक हालचाल समजते.

इतिहासात हा मुलगा, म्हणजे पाचवा बाल्डविन, ११८६मध्ये लहानपणीच वारला. त्याला कुष्ठरोग असल्याचा आधार नाही. पण लाखेची कल्पना हवेतली वाटत नाही. मामाचा, म्हणजे चौथ्या बाल्डविनचा, गुरू विल्यम ऑफ टायर याने लिहून ठेवलंय की खेळताना मुलं एकमेकांच्या हातांना नखं रोवायची, बाकीची ओरडायची, हा मात्र शांत. त्यावरूनच रोग लक्षात आला. मामाची खूण पटकथेने भाच्याला दिली, आणि मला ती फार आवडली.

नायक बालियनचंही थोडं सावरतं. तो आधी युद्धात यंत्रं बांधायचा हे इथे कळतं, त्यामुळे ११८७च्या वेढ्यात जेरुसलेम लढवणारा लोहार पटतो. खरा बालियन मात्र लोहार नव्हता. तो तिथल्याच सरदार घराण्यातला. ते कितीही मिनिटं जोडून बदलणार नाही.

‘ट्रॉय’ (२००४) लवकर आटोपला. १६३चे १९६ झाले, शहर लुटण्याचा भाग अधिक भयंकर झाला, पण लाल नोंदींपुढे जवळपास सगळीकडे ‘देखावा’. ग्रीक कथेतलं दहा वर्षांचं युद्ध इथे काही दिवसांत उरकतं. ती दहा वर्षं चित्रितच झाली नव्हती, तर परत कुठून आणणार?

सिकंदरावरच्या ‘अलेक्झांडर’ने (२००४) मात्र छळलं. चार आवृत्त्या : १७५ मिनिटं, मग डायरेक्टर्स कट चक्क छोटा, १६७, २००७मध्ये २१४ आणि २०१४मध्ये २०६. त्यातली २१४ची पाहताना मला पहिल्यांदा तो माणूस दिसला. पर्शियन राजाशी झालेली गौगामेलाची लढाई सुरुवातीलाच येते, आणि मग आईचा धाक, बापाशी चढाओढ हे मोहिमेच्या दृश्यांना लागून येत राहतं. इथे मिनिटांपेक्षा क्रमाने काम केलं. म्हणून वहीत ‘जागा बदलली’ असा हिरवा पेन सुरू केला. झेलमच्या लढाईबद्दल माझी तक्रार कायम आहे. पोरसाशी सामना झाला तो पावसाने फुगलेल्या नदीपलीकडच्या मोकळ्या मैदानात. पडद्यावर घनदाट जंगल. सिकंदराच्या छातीत खरा बाण लागला तोही नंतर, मल्ली लोकांच्या शहरावरच्या हल्ल्यात. हत्तींसमोर घोडे बिथरतात ते मात्र श्वास रोखून पाहिलं, तेही दोनदा.

आता ‘नेपोलियन’ (२०२३). थिएटरची १५८ मिनिटांची आवृत्ती पुन्हा पाहून झाली. सगळ्यात मोठी फट जोसेफिनपाशी : दोघं भेटतात, लग्न करतात, आणि तिला त्याच्यात काय दिसलं ते कळत नाही. लांब आवृत्तीत तिचं आधीचं आयुष्य जास्त येईल, असं दिग्दर्शकाने सांगितलं होतं. काल टीव्हीवर ती लावली आणि टूलॉन या फ्रेंच बंदराच्या वेढ्याशी वीज गेली. आज जेवण झालं की तिथूनच पुढे.