वहीतला चौथा रकाना

मार्च सरत आला होता. ओपीडीत आलेल्या त्या बाई एका पतसंस्थेत कॅशियर, वय पन्नाशीच्या आसपास, मधुमेह, एचबीएवनसी ९.४, म्हणजे बराच जास्त. सोबत यजमान होते आणि बोलत होते तेच. "मॅडम, हिचं पथ्य मी स्वतः बघतो. भात बंद, गोड बंद, रात्री एकच भाकरी. तरी साखर हटत नाही." आहाराची वहीही त्यांच्याच अक्षरात, एकही दिवस कोरा नाही.

गेल्या दोन-तीन महिन्यांत रक्तातली साखर सरासरी किती राहिली, ते एचबीएवनसी ही तपासणी सांगते. त्या वहीशी तो आकडा जुळेना. यजमानांना रिपोर्टची झेरॉक्स काढायला पाठवलं. (ही युक्ती आम्हा आहारतज्ज्ञांना सगळ्यांनाच येते.) ते बाहेर पडताच बाई म्हणाल्या, "रात्री खाते हो मी. सगळे झोपले की ओट्याशी उभी राहून. फरसाण, शिळी चपाती-साखर, हाताला लागेल ते. भूक नसतेच. चवसुद्धा कळत नाही."

पोटाची भूक हळूहळू वाढते आणि साध्या आमटी-भातानेही भागते. मनाची एकदम उसळते, आणि तिला बहुधा गोड नाहीतर तळलेलंच हवं असतं. ताण लांबला की कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन वाढतं, ओढ तिकडेच वळते. पण या बाईंना ताण कशाचा? वेळ, पदार्थ आणि भूक यांच्या शेजारी मी चौथा रकाना आखून दिला: 'खाण्याआधी काय झालं?' वही त्यांनीच लिहायची, असं बजावलं.

वर्षअखेरीचं काम, न जुळणारी रोकड, असंच कुणालाही वाटलं असतं. वही आली तेव्हा दिसलं, की रोकड न जुळल्याच्या दिवशी बाई जेवून सरळ झोपल्या होत्या. रात्री खाल्लं त्या दिवशी मात्र चौथ्या रकान्यात एकच गोष्ट. 'साखर मोजली. २४०. हे म्हणाले, काय खाल्लंस?' 'साखर मोजली. २१२. सासूबाईंसमोर.'

यजमान रोज संध्याकाळी ग्लुकोमीटर लावून आकडा मोठ्याने वाचायचे. काळजीपोटीच. आणि बाई मनात म्हणायच्या, आता बिघडलंच आहे, उद्यापासून बघू. उपास चुकून मोडला की माणूस जसा ताटावर तुटून पडतो, तसंच. १९७५ साली हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांनी हेच प्रयोगात पाहिलं होतं. खाण्यावर सतत लगाम ठेवणाऱ्या मुलींना आधी मिल्कशेक दिला, तर नंतर त्यांनी आइस्क्रीम कमी नाही, उलट जास्तच खाल्लं.

मग ठरलं ते असं. साखर बाईंनीच मोजायची, आकड्यावर बोलायचं ते डॉक्टरांकडे. डब्यानंतर रात्रीपर्यंत पोटात काही नसायचं, म्हणून चारच्या सुमाराला भाजलेले चणे आणि ताक. रविवारी एक छोटा लाडू, सगळ्यांसमोर, ताटात घेऊन. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं नाव काढल्यावर "मी काय वेडी आहे का?" झालंच, पण गेल्या.

"मग मी करायचं काय?" यजमान दुखावले होते. संध्याकाळी दोघांनी चालायला जा म्हटलं, साखर सोडून काहीही बोला. "साखर सोडून आमच्यात दुसरा विषयच नाही, मॅडम!" बाई माझ्यासमोर पहिल्यांदाच हसल्या.

जुलैत एचबीएवनसी ८.३ आलं. रात्रीचं खाणं पूर्ण थांबलेलं नाही, आठवड्यातून एखाद्या वेळी होतं. यजमानांची मात्र नवी तक्रार आहे: ही चालताना पतसंस्थेच्या थकबाकीदारांबद्दलच बोलते.