मागचं लिंकेज: मेन पिव्होट झाला, रॉकर बाकी

माझ्या मागे सस्पेन्शन असलेल्या सायकलच्या मागच्या चाकाला प्ले (ढिलेपणा) आहे, तो हबचा नाही हे आता पक्कं झालं. चाक काढलं, शॉकची हवा सोडून बोल्ट काढले आणि मागचा ट्रँगल (फ्रेमचा चाक धरणारा हलता भाग) हातात धरून वरखाली केला तर मधेच अडकतोय, आडवा हलवला की बीबीच्या (पेडलच्या क्रँकचं बेअरिंग) मागे टकटक. शॉक लावलेला असताना यातलं फारसं काही जाणवत नाही, त्यामुळे ज्यांना नुसती करकर ऐकू येतेय त्यांनी बीबी, सीटपोस्ट वगैरे बदलत बसण्याआधी एकदा शॉक काढून बघा.

मेन पिव्होट (मागचा ट्रँगल फ्रेमला जोडणारा मुख्य सांधा) उघडला. ड्राइव्ह साइडचं (चेनच्या बाजूचं) बेअरिंग बोटाने फिरतच नाही, दुसरं फिरतं पण खटके खात. सील उचकटलं तर आत ग्रीसऐवजी गंजाचं तांबडं पाणी. पिव्होटचं बेअरिंग मुळात गोल फिरत नाही ना, सस्पेन्शन पूर्ण दबलं तरी थोडेच अंश हलतं, म्हणजे तेच छर्रे रेसच्या (छर्रे ज्यावर फिरतात त्या कड्याच्या) त्याच जागेवर मार खात राहतात, ग्रीस परत तिथे येत नाही आणि खळगे पडतात. त्यात मुळशीकडचा पावसाळी चिखल, आणि वर प्रेशर वॉशर. तो प्रेशर वॉशर तरी बंद करा राव, साधा पाइप पुरतो.

आता नंबर. माझ्या बेअरिंगवर ६९०२-२आरएस आहे (२आरएस म्हणजे दोन्ही बाजूंना रबर सील). ६९०२ मधले शेवटचे दोन आकडे आतलं भोक सांगतात, ०० म्हणजे १० एमएम, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७, आणि ०४ पासून पाचने गुणायचं. पण दुकानात नुसतं '१५ चं द्या' म्हणू नका, ६९०२ हे १५ x २८ x ७ (भोक x बाहेरचा व्यास x रुंदी) आणि ६८०२ हे १५ x २४ x ५. काही कॅटलॉगमध्ये ६९०२ लाच ६१९०२ म्हणतात, गोंधळू नका. नाना पेठेत साधं लगेच मिळत होतं पण त्यावर सी३ लिहिलेलं, म्हणजे आत मुद्दाम जास्त क्लिअरन्स, गरम होणाऱ्या मोटरला ठीक आहे, आपल्याला पहिल्या दिवसापासून प्ले कशाला हवाय! शेवटी फुल कॉम्प्लिमेंटवालं ऑनलाइन मागवलं. त्यात केज (छर्रे अंतरावर ठेवणारी जाळी) नसते, त्या जागेत जास्त छर्रे बसतात आणि लोड वाटला जातो. वेगात फिरायला ते बेकार, हबमध्ये घालू नका, पिव्होटला मात्र हेच.

लावण्याआधी सील पिनेने उचलून मरीन ग्रीस ठासून भरलं. इथे वेगच नाही त्यामुळे जास्त ग्रीसने गरम व्हायची भीती नाही, उलट पाण्याला जागा उरत नाही.

जुनी बेअरिंग काढायला एम१० चा आटेवाला रॉड, नट, वॉशर आणि एक मोठा सॉकेट. फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची म्हणून आधी हीट गन थोडी फिरवली (कार्बनवाल्यांनी हे अजिबात करू नये). हातोडीने ठोकून पण निघतं म्हणा, पण तिरकं निघालं की सीट (फ्रेममधली बेअरिंग बसायची जागा) ओरबाडली जाते आणि बेअरिंगपेक्षा फ्रेम महाग आहे. नवीन बसवताना दाब फक्त बाहेरच्या रेसवर यायला हवा, आतल्या रेसवर दाबलंत तर सगळा जोर छर्‍यांवर जातो आणि कोरं बेअरिंग बसतानाच मेलं. त्यासाठी जुनंच बेअरिंग वापरलं, बाहेरून ग्राइंडरवर जरासं घासून घ्यायचं म्हणजे ते सीटमध्ये अडकत नाही. नवीन रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवलेलं, सरळ गेलं. अंगठ्याने आपोआप आत गेलं असतं तर सीट झिजलीय असं समजून लॉकटाइट ६४१ (बेअरिंग चिकटवून धरणारं) लावावं लागलं असतं, ती वेळ आली नाही.

बोल्टच्या आट्यांना लॉकटाइट २४३ (बोल्ट ढिला होऊ न देणारं), अ‍ॅक्सलला ग्रीस, आणि हे दोन एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत. टॉर्क बोल्टवरच छापलाय, १५ एनएम. आता ट्रँगल सोडला की स्वतःच्या वजनाने खाली येतो, आडवा प्ले शून्य.

रॉकरची (लिंकेजमधला शॉक ढकलणारा दुवा) ६८०० मागवलीत पण ती एका बाजूने बंद भोकात आहेत, रॉडचा उपयोग नाही, आतून पकडणारा ब्लाइंड पुलर लागेल. पुण्यात कोणाकडे त्याचा १० एमएमचा कॉलेट (भोकात फुलून पकडणारं टोक) असला तर एका वीकेंडसाठी द्या ना, ग्रीस माझ्याकडून.