निकाल न सांगणारी तपासणी

लग्न जुळवण्याआधी रक्त तपासायचं आणि ज्याचं तपासलं त्यालाच निकाल सांगायचा नाही, असा उपक्रम ब्रुकलिनमध्ये १९८३ पासून चालू आहे. नाव दोर येशोरीम. सुरू केला रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, जोसेफ एकस्टाइन यांनी. त्यांची चार मुलं टे-सॅक्स या आनुवंशिक आजारानं गेली होती.

हेक्सा जनुकाच्या, आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या, दोन्ही प्रती सदोष असल्या की हेक्सोझामिनिडेज ए हे विकर (एन्झाइम) बनत नाही आणि मेंदूच्या पेशींत एक स्निग्ध पदार्थ साचत जातो. बाळ काही महिने नीट वाढतं, मग आलेलं बसणंही विसरतं, दृष्टी जाते आणि बहुतेकदा पाच वर्षांच्या आत दगावतं. आईवडील दोघंही वाहक, म्हणजे एक सदोष प्रत असलेले, असतील तरच हे होऊ शकतं. दर गरोदरपणात शक्यता २५ टक्के. वाहकाला स्वतःला काही त्रास नसतो.

अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपीय मुळांच्या ज्यूंमध्ये, साधारण ३० जणांत एक वाहक सापडतो. म्हणजे वाहकाला समाजातली ३० स्थळं सांगून आली तर टाळावं असं एखादंच. बाकी २९ घरांना हे कळून उपयोग काही नाही, धाकट्या भावंडांची लग्नं मात्र अडतात. म्हणून तरुण वयातच रक्त घेऊन नावाऐवजी क्रमांक देतात. स्थळ आलं की दोघांचे क्रमांक आणि जन्मतारखा कळवायच्या. उत्तर येतं जुळतं की नाही एवढंच. दोघं एकाच आजाराचे वाहक असतील तेव्हाच नकार येतो. चौकशी पहिल्या भेटीगाठींच्या आधी करायची. साखरपुड्यानंतर नकार आला तर गुप्तता उरतेच कुठे?

आपल्याच रक्ताची माहिती आपल्यापासून लपवणं अनेक डॉक्टरांना पटत नाही. टे-सॅक्सपुरतं मला ते पटतं. गोशे या दुसऱ्या आनुवंशिक आजारात मात्र अवघडायला होतं: अश्केनाझींमधल्या नेहमीच्या प्रकारात दोन्ही प्रती सदोष असूनही कित्येकांना लक्षणंच नसतात, शिवाय औषध आहे. त्यावरून लग्न मोडायचं का? आणि बीआरसीए जनुकांना तर ही पद्धत लावूच नये. तिथे एकच सदोष प्रत स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढवते. तो धोका वाहकाचा स्वतःचा. अश्केनाझींमध्ये असे ४० जणांत एक. त्यांना न सांगणं म्हणजे एमआरआय किंवा शस्त्रक्रियेची संधी हिरावणं.

नेहमीच्या प्रयोगशाळेत टे-सॅक्सची तपासणी करताना दोन ठिकाणी हमखास घोळ होतो. गरोदर असताना किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना रक्तद्रवातलं विकर मोजलं, तर वाहक नसलेली बाईही वाहक ठरू शकते, कारण एकूण विकरातला ए प्रकाराचा वाटा घटलेला दिसतो. अशा वेळी पांढऱ्या पेशींतलं विकर मोजून घ्यावं. दुसरं, काहींचं विकर परीक्षानळीतल्या कृत्रिम रसायनावर चालत नाही, शरीरात मात्र व्यवस्थित चालतं. या छद्म-कमतरतेमुळे विकरावरून वाहक ठरलेल्याची डीएनए तपासणी करावीच.

उलट, फक्त अश्केनाझींमध्ये आढळणारे जनुकातले ठरावीक बदल शोधणारी डीएनए तपासणी इतरांना खोटा दिलासा देते. रायगडातून इस्रायलमधल्या अश्दोदला गेलेल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, कुटुंबांची मुळं अश्केनाझी नाहीत. जोडीदारांपैकी एक असा असेल, तर त्याचं विकर मोजावं किंवा पूर्ण हेक्सा जनुक वाचून घ्यावं. गुजराती कुटुंबांतही टे-सॅक्स आढळला आहे, आणि तिथला नेहमीचा बदल वेगळाच आहे. अश्केनाझी यादीत तो नसतो.