डागी नव्याण्णव

बंदुकांच्या दुकानात जुना माल मागच्या भिंतीला असतो. मी तिकडे कधी थेट जात नाही. आधी काडतुसांच्या खोक्यांपाशी रेंगाळायचं, गमबुटांचे भाव विचारायचे आणि मग सहज लक्ष गेल्यासारखं भिंतीकडे वळायचं. आपली गरज विकणाऱ्याला कळू द्यायची नाही, हे मी मंडईत आईच्या पिशवीचा बंद धरून शिकलो. ते पेनसिल्व्हेनियात कामी येईल असं तिला वाटलं नसेल.

गेल्या सप्टेंबरात त्या रांगेत नजर अडली. शेजारच्या सगळ्या लिव्हरच्या, म्हणजे खालची कडी ओढून काडतूस चढवायच्या, बंदुकांच्या पाठीवर ठोका देणारा घोडा उभा होता. हिची पाठ मात्र माशासारखी गुळगुळीत. सॅव्हेज ९९, जुनी अमेरिकन शिकारी रायफल. चिठ्ठीवर ३७५ डॉलर. आधीचा एक आकडा पुसला गेला असावा असं वाटून मी चिठ्ठी उलटून पाहिली. मागे काही नव्हतं.

ही मी पहिल्यांदा पाहिली ती शेजारच्या म्हाताऱ्याच्या हातात, बावीस वर्षांपूर्वी. तेव्हा इथला हरणांचा हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी उघडायचा आणि त्या दिवशी कित्येक शाळांना चक्क सुट्टी असायची. (२०१९पासून तो शनिवारी उघडतो, जुनी माणसं अजून त्यावरून धुसफुसतात.) मी तेव्हा नवखा. अंगात भडक नारिंगी जाकीट, हातात उसनी विंचेस्टर रायफल, बोटं बधिर. म्हाताऱ्याने आपली ९९ माझ्या हातात दिली आणि म्हणाला, डावीकडे बघ. लोखंडात नखाएवढी खिडकी, आत पितळी चाकावर एक आकडा. किती काडतुसं उरली ते बंदूकच सांगते. मी शिकार विसरून ती खिडकीच बघत बसलो.

तिचं मर्म त्या चाकात आहे. विंचेस्टरच्या ९४ या लिव्हरच्या मॉडेलमध्ये काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक, रांगेत उभी राहतात. मागच्या गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाला, म्हणजे नेमकं जिथे ठोका पडायचा तिथे टेकतं. म्हणून तिथे बोथट गोळ्या वापरायच्या. टोकदार गोळीने धक्क्यासरशी पुढचं काडतूस उडायचा धोका. आर्थर सॅव्हेजने काडतुसं रांगेऐवजी पाळण्यात बसवली. फिरत्या चाकात प्रत्येकाला वेगळी खाच, कुणाचं टोक कुणाला लागत नाही. त्यामुळे टोकदार, लांब पल्ल्याची गोळी लिव्हरच्या बंदुकीला चालू लागली. हा गृहस्थ जन्मला जमैकातल्या किंग्स्टनला, कारखाना काढला न्यूयॉर्क राज्यातल्या युटिकात आणि पुढे टायरांच्या धंद्यात शिरला. चाकांचं वेड काही सुटलं नाही. १८९९ साली बाजारात आलेलं हे मॉडेल थेट विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत बनत राहिलं. दहा लाखांहून जास्त बंदुका निघाल्या. म्हणजे दुर्मीळ म्हणावी अशी नाहीच. पण चांगली असली की जमवणाऱ्यांच्या हाती जाते, आणि जमवणाऱ्यांचे भाव माझ्या खिशाला कधी परवडले नाहीत. दोनदा पैसे साठवले. एकदा गाडीचा गिअरबॉक्स गेला, एकदा मुलीचे दात सरळ करायचे होते.

तर ३७५ का? दुकानदाराने न विचारताच ती काउंटरवर ठेवली आणि दोषांवर एकेक बोट ठेवलं. कारखान्याने जिथे भोकं पाडली नव्हती तिथे कुणीतरी दुर्बीण बसवायला चार भोकं पाडलीत, त्यातलं एक तर तिरकं. दस्त्याचं मूळचं टोक कापून खांद्याला लागू नये म्हणून लाल रबर चिकटवलंय. आणि दस्ता जिथे लोखंडात शिरतो तिथे केसाएवढा तडा, जे या बंदुकांचं ठरलेलं दुखणं. जमवणाऱ्याच्या लेखी ती मेलीच.

मला हापूसची डागी पेटी आठवली. आंबा तोच, झाड तेच, सालीवर काळा ठिपका, आणि निम्म्या भावात घरी. आई म्हणायची, डाग काय खायचाय?

कडी खाली ओढली. ना खडखड, ना अडखळ. तेलात बुडवल्यासारखी उतरली आणि वर येऊन बसली. नळीत डोकावलो तर आतले आटे लख्ख. ज्याने कुणी ती चार भोकं पाडली त्याला सुताराचा हात नव्हता, पण साफसफाई त्याने वर्षानुवर्षं नेमाने केली होती. त्या अनोळखी माणसाचा मला रागही आला आणि त्याचे उपकारही वाटले. त्याने ती नासवली नसती तर माझ्या वाट्याला आली नसती.

‘३५० ला देता का?’ मी विचारलं. दुकानदार हसला. ‘तुम्ही मघापासून तिला खाली ठेवलेलं नाही,’ म्हणाला. बावीस वर्षांचं नाटक एका वाक्यात उघडं पडलं. फॉर्म भरला, राज्य पोलिसांच्या यंत्रणेत माझं लांबलचक नाव तपासलं गेलं, आणि पूर्ण ३७५ मोजून मी बाहेर पडलो.

बायकोने तडा बघितला, भोकं मोजली. ‘चार भोकं जास्तीची, म्हणून स्वस्त?’ एवढंच म्हणाली. पण खंडेनवमीला लॅपटॉप, गाडीची किल्ली आणि तिची शिवणाची कात्री यांच्या रांगेत तिनेच सतरंजी वाढवली. खिडकीत शून्य आहे हे मी दोनदा बघितलं, मग हळदकुंकू लावलं. झेंडूचं फूल चौथ्या, तिरक्या भोकात नेमकं अडकलं.

संध्याकाळी बाबांना व्हिडिओवर दाखवली. ते संगमेश्वरला, चष्मा कपाळावर. पहिला प्रश्न, ‘परवाना?’ आमच्या आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, शेतीच्या राखणीसाठी. माकडं-डुकरं हाकलायला बार काढायचा एवढंच तिचं काम. निवडणूक लागली की आजोबा ती खांद्यावर टाकून पोलीस ठाण्यात जमा करायला पायी जायचे आणि पावती धोतराच्या कनवटीला लावून परत यायचे. इथे अर्ध्या तासात काम झालं हे मी सांगितलं, ते बाबांना फारसं पटलं नाही.

‘जरा जवळ धर,’ ते म्हणाले. मी फोन दस्त्याशी नेला. ‘तडा गेलाय.’

‘हो. इपॉक्सी भरणार आहे.’

‘आबांच्या बंदुकीला नेमका तिथेच होता. तांब्याची तार गुंडाळली होती त्यांनी, अकरा वेढे. मी लहानपणी मोजायचो.’ थोडं थांबून त्यांनी चष्मा खाली घेतला आणि पुन्हा बघितलं. ‘तुझं ते काय ते भर हवं तर. पण वरून तार घाल. तांब्याचीच घे, पितळेची नको, ती ताणली की तुटते.’