सतरा क्ष अधिक अर्धा

लेक आठवीत गेली तेव्हा, म्हणजे गेल्या जूनमध्ये, आम्ही तिला बीजगणिताचा ऑनलाइन क्लास लावला. आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी सात ते आठ या वेळेत थेट (लाइव्ह) चालणारा हा वर्ग आहे आणि त्यात चौदा मुले व एक शिक्षिका असतात. भांडुपमधल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात त्या वेळी निवांत कोपरा असा नसतोच, त्यामुळे ती ओट्याशेजारी घडीचे टेबल उघडून बसते. तिचा हेडफोन पहिल्याच आठवड्यात बिघडला, नवा आणायचा राहून गेला आणि भाजी निवडता निवडता तो वर्ग मीही ऐकू लागलो. शाळेत ज्या विषयात मी दोनदा नापास झालो, त्याच्याशी पुन्हा अशी गाठ पडेल असे वाटले नव्हते.

पहिल्या दिवशी मॅडमनी ‘क्ष’चे नावही काढले नाही. (मुले सेमी-इंग्रजीची असल्यामुळे वर्गात ‘एक्स’ म्हणतात, मी माझ्या सवयीने क्ष लिहितो.) त्यांनी पडद्यावर ८ + ४ = □ + ५ एवढेच लिहिले आणि चौकटीत कोणती संख्या येईल ती चॅटमध्ये फक्त मला पाठवा, असे सांगितले. बहुतेकांनी १२ लिहिले, दोघांनी १७. मेथी निवडता निवडता मीही मनात १२च म्हटले होते. बरोबर उत्तर ७ आहे. पहिलीपासून आपण ‘=’ हे चिन्ह बेरजेच्या शेवटी पाहत आलेलो असतो, त्यामुळे ते दिसले की उत्तर लिहायचे अशी समजूत पक्की होऊन बसते. कॅल्क्युलेटरवर ते बटण दाबले की उत्तर येते, आणि हिशेबाच्या कामासाठी गेली वीस वर्षे मी जे एक्सेल वापरतो त्यातही चौकटीत आधी ते चिन्ह टाकूनच सूत्र लिहायचे असते, तेव्हा माझी समजूत मुलांपेक्षाही घट्ट होती. १५५७ मध्ये रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श गणितज्ञाने हे चिन्ह पहिल्यांदा छापले तेव्हा त्याने दिलेले कारण असे की, सारख्या लांबीच्या दोन समांतर रेघांहून अधिक सारख्या अशा दोन वस्तू असूच शकत नाहीत. त्यात उत्तर काढण्याचा उल्लेखच नाही. डावीकडे जेवढे आहे तेवढेच उजवीकडे आहे, इतकेच ते चिन्ह सांगते.

यातून माझ्या जुन्या दुखण्याचाही उलगडा झाला. आमच्या वेळी समीकरण सोडवण्याचा एकच मंत्र होता: बाजू बदलली की चिन्ह बदलते. असे का होते, हे विचारण्याची पद्धत नव्हती. ३क्ष = १२ वरून मी क्ष = १२ − ३ असे लिहिले तेव्हा सरांची पट्टी हातावर बसली, आणि सांगितल्याप्रमाणे मी चिन्ह बदललेच होते, हे त्यांना ऐकवण्याचे धाडस मला झाले नाही. या मॅडमनी पहिला महिनाभर ‘पक्षांतर’, म्हणजे बाजू बदलणे, हा शब्दच वर्गात वापरू दिला नाही. क्ष + ९ = २१ असेल तर दोन्ही बाजूंतून ९ वजा करायचे आणि तसे दोन्हीकडे लिहून दाखवायचे; ३क्ष = १२ असेल तर दोन्ही बाजूंना ३ने भागायचे. यात वही भरते, वेळ जातो. मला स्वतःला महिना जरा जास्तच वाटला, कारण मूळ गोष्ट एकदा कळल्यावर पक्षांतरासारखी सोय नाही आणि परीक्षेत मिनिटे मोजावी लागतात. पण लेकीने आजवर एकदाही ३क्षमधला ३ वजा केलेला नाही, हेही मान्य करावे लागते.

सर्वांत रंगला तो रिक्षाच्या मीटरचा तास. मुंबईत फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचे भाडे पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये आणि पुढे दर किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे असे ठरले. मॅडमनी वरचे १४ पैसे सोडून दिले आणि विचारले की, मीटरवर ६० रुपये झाले तर रिक्षा किती किलोमीटर गेली? गिरगावातल्या एका मुलाने लगेच हरकत घेतली की आमच्याकडे रिक्षा येतच नाही, तेव्हा त्याला टॅक्सीचे गणित वेगळे मिळाले. बाकीच्यांनी समीकरण मांडले: २६ + १७(क्ष − १.५) = ६०.

काहींनी आधी २६ वजा केले, उरलेल्या ३४ला १७ने भागले आणि आलेल्या दोनमध्ये दीड मिळवून साडेतीन किलोमीटर हे उत्तर काढले. लेकीने आधी कंस सोडवला. १७ गुणिले १.५ म्हणजे २५.५, ते २६मधून गेले आणि राहिले १७क्ष + ०.५ = ६०. (किमान भाडे म्हणजे दीड किलोमीटरचाच दर आणि वर आठ आणे, हे इतकी वर्षे रिक्षात बसून मला कधी दिसले नव्हते.) इथवर सगळे बरोबर होते. पुढच्या ओळीत मात्र तिने १७क्ष आणि ०.५ यांची बेरीज करून १७.५क्ष लिहिले आणि ६०ला १७.५ने भागत बसली. भागाकार काही संपेना.

वहीचा फोटो मॅडमकडे गेला. त्यांनी चूक म्हटले नाही. क्षच्या जागी एखादी संख्या घालून दोन्ही राशी ताडून पाहा, एवढेच सांगितले. लेकीने सोपी म्हणून १ घातली. सतरा अधिक अर्धा म्हणजे साडेसतरा, आणि साडेसतरा एके साडेसतरा. तिने विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिले, आणि खरे सांगायचे तर माझीही खात्री पटली होती.

“आता दोन घाल,” मॅडम म्हणाल्या.

एकीकडे ३४.५ आले, दुसरीकडे ३५.

“मग एकला कसं जुळलं?” लेकीने विचारले. मॅडम काही बोलल्या नाहीत. ऑनलाइन वर्गातली शांतता ही नेटवर्क गेल्यासारखी वाटते, त्यामुळे अर्ध्या मिनिटाने कोणीतरी “मॅडम, आवाज येतोय का?” असेही विचारले. शेवटी एरवी कधी न बोलणाऱ्या एका मुलीने माइक सुरू केला आणि सांगितले की, अर्धा रुपया एकदाच द्यायचा आहे आणि ही तो दर किलोमीटरला देते आहे. पहिल्या किलोमीटरला ते कळत नाही, दुसऱ्यापासून कळते. यावर मॅडमनी एवढीच भर घातली की, क्षच्या प्रत्येक किमतीला जुळते ती नित्यसमानता, आणि हिने जे लिहिले ते फक्त एकला जुळणारे समीकरण झाले.

रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओत ही चूक कोणी केलीच नसती आणि त्यात १ घालून पाहण्याची बुद्धीही कोणाला झाली नसती. मात्र मोबाइलच्या पडद्यावर दशांशचिन्ह आणि उणेची रेघ दिसत नाही, ही माझी तक्रार कायम आहे.

अज्ञात संख्येला क्षच का, असा प्रश्न एकदा निघाला तेव्हा मॅडमनी भास्कराचार्यांची पद्धत सांगितली. ११५०च्या सुमारास ते अज्ञात राशीला ‘यावत्तावत्’, म्हणजे जितके असेल तितके, असे म्हणत. आणखी अज्ञात आले की कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे देत आणि लिहिताना या, का, नी अशी आद्याक्षरे वापरत. ज्ञात संख्येला ते ‘रूप’ म्हणत आणि तिच्याआधी ‘रू’ लिहीत. सजातीय पदांचीच बेरीज-वजाबाकी करावी, विजातीय पदे वेगळी ठेवावीत, हा नियमही त्यांनी दिलेला आहे. या १७ आणि रू अर्धा, अशी नावे लावून लिहिले असते तर त्यांची मोट बांधायला लेकीचा हात धजावला नसता, असे मला वाटते.

सध्या तिला वेगळ्याच गोष्टीने पछाडले आहे. सिग्नलला रिक्षा उभी असतानाही मीटर चालूच राहतो, मग ते पैसे समीकरणात कुठे धरायचे, असा प्रश्न तिने वर्गात विचारला. त्यासाठी दुसरे अक्षर घ्यावे लागेल, आणि अज्ञात दोन असताना एका समीकरणावरून दोघांचीही किंमत ठरत नाही, ते नववीत येईल, असे उत्तर मिळाले. नववीपर्यंत थांबण्याची तिची तयारी नाही. भांडुप स्टेशनवरून घरी येताना ती मीटरवरचा आकडा, मोबाइलच्या नकाशावरचे अंतर आणि रिक्षा उभी राहिली ती मिनिटे वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेवते, कारण उभ्या रिक्षाचे मिनिटाला किती पडतात हे तिला स्वतः काढायचे आहे. गेल्या शनिवारी लालबहादूर शास्त्री मार्गावर आम्ही बराच वेळ अडकलो असताना रिक्षावाल्याने आरशातून तिच्याकडे दोनदा पाहिले आणि अखेर मलाच विचारले, “साहेब, मीटरची काही कंप्लेंट आहे का?”