कटआउट बरोबर होता

गॅरेजच्या छताला टांगायचा, 240 व्होल्टवर चालणारा 7.5 किलोवॅटचा जुना इलेक्ट्रिक हीटर. सेकंडहँड घेतलेला. झाकणाच्या आतला वायरिंगचा कागद गायब, मोटर मूळची नाही, आणि तारांचे रंग उष्णतेने इतके उडालेले की पांढरी, तपकिरी आणि पिवळी एकाच मळकट छटेच्या दिसत होत्या.

मूळ तक्रार अशी होती: एलिमेंट्स तापतात, पंखा फिरतो आणि काही मिनिटांत थर्मल कटआउट (फार तापलं की वीज तोडणारा स्विच) उडतो. माझ्याआधी कुणीतरी मोटरचा कपॅसिटर बदलला होता. मग कटआउट बदलला. नवाही उडायला लागला तेव्हा त्याच्या दोन टोकांत वायरचा तुकडा टाकून तो डायरेक्ट केला. त्यानंतर हीटर बंद पडायचा थांबला आणि मोटर बंद पडायला लागली. म्हणजे एलिमेंट्स लाल, पंखा थांबलेला आणि मधे थांबवणारं काहीच नाही. हीटरवरचा कटआउट डायरेक्ट करणं ही माझ्या लेखी दुरुस्ती नव्हे. तपासणीपुरतंही ते करू नये, कारण तपासणी संपल्यावर तो तुकडा तिथेच राहून जातो.

थर्मोस्टॅट बंद म्हणजे सप्लाय बंद, असं धरून चालू नये. जिथे 240 व्होल्ट दोन जिवंत तारांमधून येतात तिथे साधा थर्मोस्टॅट एकच तार तोडतो, दुसरी एलिमेंटपर्यंत जिवंतच असते. मेन बंद करून, टर्मिनलवर मीटर लावून, मगच हात घातला. कपॅसिटर 20 किलोओहमच्या रेझिस्टरमधून रिकामा केला. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडून रिकामा करण्याची सवय अनेकांना असते, त्यात कपॅसिटरही बिघडतो आणि टर्मिनलही जळतं.

रंग गेलेले असले की ओहमवर विसंबावं. मोटरच्या तीन तारा मोकळ्या करून दोन-दोनच्या जोड्या मोजल्या: 42, 71 आणि 113 ओहम. सर्वांत मोठं रीडिंग ज्या दोन तारांमधलं, त्यांत नसलेली तिसरी तार कॉमन. कॉमनपासून कमी ओहमची तार मुख्य वाइंडिंगची (मोटरच्या आतल्या तारेच्या गुंडाळीची), जास्त ओहमची स्टार्टिंगची. 42 आणि 71 ची बेरीज 113 येते, म्हणजे वाइंडिंग शाबूत आहे आणि ओळखही चुकलेली नाही. सप्लाय कॉमन आणि मुख्य टोकावर, आणि मुख्य टोकापासून कपॅसिटरमधून स्टार्टिंगच्या टोकाकडे. आधीच्या कारागिराची ही जोडणी अचूक होती, रंग उडालेल्या तारांमधून त्यांनी ती नीट शोधली होती.

बाकीचंही ठीक निघालं. 5 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर 4.9 दाखवत होता. 500 व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशनमधून वीज गळते का हे मोजणारं मीटर) वाइंडिंग ते बॉडी 60 मेगाओहम. कॉन्टॅक्टरवरून (एलिमेंट्सचा सप्लाय जोडणारा-तोडणारा स्विच) एलिमेंट्सच्या तारा काढून, टोकं झाकून, नुसती मोटर चालवली. मोटरच्या प्लेटवर 0.7 अँपिअर, क्लॅम्प मीटरवर 0.6. आवाज नाही, थरथर नाही, वेगही पुरेसा. विजेच्या अंगाने या मोटरमध्ये बोट ठेवायला जागा नव्हती, आणि आधीचे सगळे इथपर्यंत येऊनच अडकले असणार.

मग पातळ कागदाची पट्टी पुढच्या जाळीसमोर धरली. ती बाहेर उडायला हवी होती. ती जाळीला चिकटली.

पंखा उलटा फिरत होता. या हीटरमध्ये मोटर मागे, मधे पंखा, पुढे एलिमेंट्स. गार हवा मागून मोटरवरून यायची, एलिमेंट्समधून तापून पुढे जायची. आता ती पुढून ओढली जात होती, एलिमेंट्सवर तापत होती आणि थेट मोटरच्या अंगावर येत होती. शिवाय पात्यांना एका बाजूने बाक दिलेला असतो, त्यामुळे उलट फिरताना ती हवाही कमी हलवतात. एलिमेंटजवळचा कटआउट त्या उष्णतेने उडत होता, म्हणजे त्याचं काम चोख करत होता. तो डायरेक्ट केल्यावर पाळी मोटरच्या आतल्या थर्मल प्रोटेक्टरची आली. गरम असताना मोजलं तर वाइंडिंग तुटलेलं दाखवणार, थंड झाल्यावर मोजलं तर पुन्हा ठीक. अशा मोटरला 'कधी चालते, कधी नाही' असं म्हणून टाकून देतात.

अशा वेळी काही जण पंख्याचं पातं शाफ्टवरून काढून पालटून बसवतात. त्याने हवेची दिशा बदलत नाही. पातं पालटलं तरी त्याचा पीळ तोच राहतो, फक्त बाक उलट्या अंगाला जातो आणि हवा कमी होते. दिशा मोटरचीच बदलावी लागते.

मोटर उलटी का लागली, ते प्लेटवरून कळलं. पंख्याच्या हबवर जुन्या मोटरची फिरण्याची दिशा लिहिलेली होती: सीसीडब्ल्यू, एसई. नव्या मोटरच्या प्लेटवर होतं: सीसीडब्ल्यू, एलई. दोन्हीकडे घड्याळाच्या काट्यांच्या उलट, म्हणून कुणालाही जुळलं असंच वाटेल. पण एसई म्हणजे शाफ्टच्या टोकाकडून पाहिलेली दिशा आणि एलई म्हणजे तारा निघतात त्या टोकाकडून पाहिलेली. या मोटरमध्ये ती दोन टोकं एकमेकांविरुद्ध आहेत, त्यामुळे एकाची सीसीडब्ल्यू ही दुसऱ्याची सीडब्ल्यू होते. इतकी महत्त्वाची गोष्ट दोन बारीक अक्षरांवर सोडणाऱ्या प्लेटा बनवणाऱ्यांवर माझा राग आहे.

दुरुस्ती मात्र सोपी. अशा बदली मोटरींना बहुधा पिवळ्या आणि जांभळ्या तारांचा एक प्लग असतो. तो काढून जोड्या अदलाबदल केल्या की स्टार्टिंग वाइंडिंगची टोकं उलटतात आणि मोटर दुसऱ्या दिशेने सुरू होते. प्लग कसाही असला तरी ओहमचे आकडे तेच येतात, म्हणून मीटरवर ही चूक कधीच सापडत नाही. शेडेड पोल मोटर (वेगळं स्टार्टिंग वाइंडिंग नसलेली छोटी मोटर) असती तर तारांनी काही झालं नसतं, ती खोलून स्टेटर, म्हणजे न फिरणारा भाग, पालटावा लागला असता.

दिशा सुलटी झाली तरी वायरिंग तसंच ठेवता येणार नव्हतं. एलिमेंट्सच्या कप्प्यात साधी पीव्हीसी वायर ओढलेली होती. ती 70 अंशांपर्यंतची, आणि इथे वाकवली की इन्सुलेशनचे तुकडे पडत होते. सगळी काढून 180 अंशांची सिलिकॉन वायर घातली, 2.5 चौरस मिलिमीटरची, कारण 2.5 किलोवॅटचं प्रत्येक एलिमेंट 10.4 अँपिअर घेतं. एलिमेंटच्या खुंटीवर कथिल चढवलेले तांब्याचे लग (तारेच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोकं) होते, काळे पडून ढिले झालेले. तिथे निकेल चढवलेले स्टीलचे लग हवेत. चिकटपट्टीचे सांधे सगळे तोडले. उष्णतेत डिंक वितळतो आणि पट्टी घसरते.

एलिमेंट्सचा रेझिस्टन्स तिन्हींचा 22.5 च्या आसपास होता, हिशेबाने 23 यायला हवा आणि थंड असताना थोडा कमी येतोच. पण एकाचं मेगरचं रीडिंग 0.4 मेगाओहम होतं. पडून राहिलेल्या हीटरमध्ये हे हमखास सापडतं, कारण आतली मॅग्नेशियाची भुकटी हवेतली ओल शोषते. ते एलिमेंट दुसऱ्याशी सिरीजमध्ये जोडून, पंखा चालू ठेवून तापवलं. प्रत्येकाला 120 व्होल्ट, म्हणजे चौथा हिस्सा ताकद. हळूहळू ओल निघाली आणि रीडिंग 5 मेगाओहमच्या वर गेलं. एकदम पूर्ण ताकदीवर लावलं असतं तर लीकेजने ब्रेकर उडू शकला असता आणि चांगलं एलिमेंट भंगारात गेलं असतं.

नवा कटआउट त्याच तापमानाचा लावला, वायरचा तुकडा मालकांच्या समोर काढला. पूर्ण लोडवर आत जाणारी हवा 14 अंश, बाहेर येणारी 36. 7500 वॅटला 22 अंशांची वाढ म्हणजे सेकंदाला सुमारे 0.28 घनमीटर हवा, या आकाराच्या पंख्याला शोभेल अशी. कटआउट उडाला नाही.

मोटर बदलायची की नाही, यावर माझं मन अजून बसलेलं नाही. वाइंडिंग चांगलं मोजतंय, पण तापलेल्या हवेत किती तास फिरली हे कुणालाच ठाऊक नाही, आणि बेअरिंगमधलं तेल इतक्या उष्णतेत सुकलेलं असू शकतं. सप्लाय तोडल्यावर ती मला हवी त्यापेक्षा लवकर थांबते. बुशवर तेल दिलं आणि मालकांना सांगितलं की महिनाभराने करंट आणि मेगर पुन्हा मोजू. करंट 0.7 च्या वर गेला, किंवा मोटर गरम असताना मेगर 2 मेगाओहमच्या खाली आला, तर नवी मोटर लावायची, आणि त्या वेळी प्लेटवरची एलई-एसई अक्षरं आधी वाचायची.