टायगरवरचं बिल्ड: घड्याळ जमलं, 'ऱ' अडला

यंत्र: आयबुक जी४ (पॉवरपीसी प्रोसेसरचा जुना ॲपल लॅपटॉप), मॅक ओएस टेन १०.४.११ म्हणजेच टायगर, एक्सकोड २.५, म्हणजे सी कंपायलर जीसीसी ४.०.१. वेव्ह फायलींची यादी करणारं माझं सी-मधलं छोटं टूल आता एकाच टारबॉलमधून (सोर्स कोडच्या गठ्ठ्यातून) लिनक्सवर आणि इथेही बिल्ड होतंय. टायगरची एन्क्रिप्शन लायब्ररी ओपनएसएसएल ०.९.७ आहे, तिला आजच्या सर्व्हरना लागणारं टीएलएस १.२ येत नाही, त्यामुळे गिट क्लोन करून नेटवरून कोड उतरवणं वगैरे विसरा. पेनड्राइव्ह झिंदाबाद.

कंपायलरला '-std=gnu99' (सी-ची १९९९ ची आवृत्ती) दिलं की निम्म्या तक्रारी मिटतात. उरतात ती नसलेली फंक्शन्स. गेटलाइन आणि स्ट्रएनलेन मॅकवर १०.७ पासून, क्लॉक_गेटटाइम तर थेट १०.१२ पासून, म्हणजे २०१६. कोडभर इफडेफ (ओएसनुसार कोड बदलणाऱ्या अटी) पेरण्यापेक्षा ही सगळी एका कॉम्पॅट फायलीत टाकली. कन्फिगर (बिल्डआधी चालणारी तपासणी) फक्त 'हे फंक्शन लिंक होतंय का' एवढंच विचारतं, ओएसचा नंबर विचारत नाही. मॅकपोर्ट्सची (मॅकसाठीच्या ओपन-सोर्स सॉफ्टवेअर संग्रहाची) लेगसी-सपोर्ट लायब्ररी हेच काम नीट करते, पण तीन फंक्शन्ससाठी आख्खी लायब्ररी कशाला?

अर्थात 'लिंक होतंय का' या प्रश्नालाही खोटं उत्तर मिळू शकतं. एल कॅपिटनवर (१०.११) एक्सकोड ८ टाकलेल्यांना आठवत असेल. एसडीके (बिल्डला लागणाऱ्या फायलींचा संच) १०.१२ चं, खाली सिस्टिम १०.११ ची. कन्फिगर म्हणायचं क्लॉक_गेटटाइम आहे, बिल्डही बिनतक्रार व्हायचं, आणि प्रोग्रॅम चालवला की कोसळायचा. नव्या मॅकवर बसून जुन्यासाठी बिल्ड करणार असाल तर लिंकरला '-no_weak_imports' द्याच. मग जे काही रडायचं ते बिल्डच्या वेळीच रडतं.

टायगरवर घड्याळासाठी माक_अ‍ॅब्सोल्यूट_टाइम वापरलं. ते नॅनोसेकंद देत नाही, टिक देतं. इंटेल मॅकवर टाइमबेसचं (टिक आणि नॅनोसेकंदाचं) गुणोत्तर १:१ असल्यामुळे बरेच जण ते विचारतच नाहीत आणि त्यांचं निभावतं. पॉवरपीसीवर माक_टाइमबेस_इन्फो विचारून गुणाकार-भागाकार केल्याशिवाय सुटका नाही.

एंडियनचं, म्हणजे आकड्यातल्या बाइटांच्या क्रमाचं, अपेक्षितच होतं. वेव्हचं हेडर लिटल-एंडियन, जी४ बिग-एंडियन. हेडर थेट स्ट्रक्टमध्ये वाचलं की ४४१०० चा सॅम्पल रेट १,१५,२१,२२,८८० दिसतो! आता एकेक बाइट शिफ्ट करून आकडा जुळवतो, त्यामुळे कोणता प्रोसेसर आहे याच्याशी देणंघेणं उरत नाही.

खरी गंमत शेवटच्या टेस्टमध्ये. टेस्ट 'दुसऱ्या.wav' नावाची फाइल बनवते, मग फोल्डर वाचून तेच नाव शोधते. लिनक्सवर पास, इथे नापास, आणि पडद्यावर दोन्ही नावं हुबेहूब सारखी. हेक्सडंप काढल्यावर उलगडा झाला. मॅकची फाइल सिस्टिम एचएफएस प्लस नावं विघटित रूपात (अक्षरं सुटी करून) साठवते, त्यामुळे 'ऱ'चे तीन बाइट (ई० ए४ बी१) परत येताना 'र' अधिक नुक्ता असे सहा झालेले. बाइट जुळवणाऱ्या स्ट्रसीएमपीच्या लेखी ही वेगळीच फाइल. इंग्रजी नावांनी टेस्ट लिहिली असती तर हे कधी दिसलंच नसतं.

अशी नावं एकाच रूपात आणणारं सीएफस्ट्रिंगनॉर्मलाइझ टायगरवर आहे, पण त्यासाठी ॲपलची कोअर फाउंडेशन लायब्ररी ओढून आणायची आणि लिनक्ससाठी वेगळी सोय करायची, हे मला पटेना. म्हणून नावांची तुलनाच काढून टाकली. दोन्ही नावांवर स्टॅट (फाइलची माहिती देणारा कॉल) करायचं आणि डिव्हाइस व आयनोड क्रमांक (डिस्कवरची फाइलची ओळख) जुळतात का बघायचं. दोन्हीकडे पास.

पँथरचं (टायगरआधीच्या १०.३ चं) कुणी विचारायच्या आधीच सांगतो, तिथे जीसीसी ३.३ आहे. तूर्त नाही.